एस्टोनियावर पाच वर्षांचा भरवसा ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, बहुतेक ग्राहक जर्मनी आणि नेदरलँड्समधले आहेत आणि त्यातल्या काहींना युरोपीय कंपनीशीच करार करायचा आहे. म्हणून एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला तिथल्या सरकारी सेवा वापरू देणारं डिजिटल ओळखपत्र, घेऊन राजधानी टॅलिनमध्ये कंपनी नोंदवण्याचा विचार आहे. पण शेजारी रशिया, लागोपाठची मंदी, दरवर्षी वाढणारे कर, मोडणाऱ्या आघाड्या अशा बातम्या वाचून मन कचरतंय. पुढच्या पाच वर्षांत हा देश राजकीय आणि आर्थिक दृष्ट्या कुठे असेल, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं निर्यात पतविम्याच्या क्षेत्रात काम करतो. आपला निर्यातदार परदेशी खरेदीदाराला साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देतो आणि ती उधारी बुडाली तर भरपाई विम्यातून होते. तो खरेदीदार आणि त्याचा देश किती भरवशाचे, हे ठरवणं माझं काम. बाल्टिक आणि नॉर्डिक देशांच्या फायली माझ्याकडे असतात. या कामाने एक सवय लावली आहे. देशाचं भवितव्य असं मोघम काही मी तपासत नाही. कुणाचे पैसे, कोणत्या रूपात, किती काळ तिथे अडकणार आहेत हे आधी विचारतो, आणि मग देशाचं कोणतं दुखणं त्या पैशापर्यंत पोचू शकतं ते शोधतो.

तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही एस्टोनियातल्या माणसाला काहीच विकणार नाही. तुमचं उत्पन्न जर्मनीतून येणार, काम पुण्यात होणार. त्या देशाकडून तुम्हाला हवंय ते कंपनी नोंदणीचं खातं, करांचे नियम, बँक आणि न्यायालय. म्हणजे तिथली बाजारपेठ मंद आहे की तेजीत, याच्याशी तुमचा संबंध थोडा. तिथलं सरकार अडचणीत सापडल्यावर कसं वागतं, याच्याशी संबंध फार. एस्टोनियाबद्दल माझं मत असं बनलं आहे की रशियाचा धोका तिथे आजवर करांच्या रूपानं आला आहे, आणि तुमच्यापर्यंतही तो त्याच रूपानं पोचेल. हे मत कसं बनलं ते सविस्तर सांगतो.

आधी आकाराचा अंदाज घ्या. एस्टोनियाची लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या त्याहून जास्त, पावणेपंधरा लाखांच्या आसपास भरली होती. सकल उत्पादन वर्षाला सुमारे ४० अब्ज युरो. एवढ्या लहान अर्थव्यवस्थेत धक्के पचवायला अंतर्गत बाजारपेठ नसते. फिनलंड-स्वीडनमध्ये घरबांधणी थांबली की इथल्या लाकडी घरांच्या कारखान्यांत लगेच पाळ्या कमी होतात. त्यामुळे वाढीचे आकडे वर-खाली जोरात हलतात, आणि अशा देशाला एका वर्षाच्या आकड्यावरून तोलण्यात अर्थ नसतो. मी धक्क्याच्या वेळी काय केलं ते बघतो. गेल्या साडेतीन दशकांत त्यांना तीन मोठे धक्के बसले.

पहिला १९९२ चा. सोव्हिएत संघातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. रूबलची किंमत रोज घसरत होती, दुकानं रिकामी होती. जून १९९२ मध्ये त्यांनी क्रोन हे स्वतःचं चलन आणलं आणि एका जर्मन मार्कला आठ क्रोन असा दर बांधून टाकला. तिजोरीत परकीय चलन आणि सोनं असेल तेवढेच क्रोन बाजारात, असा नियम केला. सरकारची तूट भरायला मध्यवर्ती बँकेने नोटा छापायच्या नाहीत, हेही त्यातच आलं. १ जानेवारी २०११ ला युरो येईपर्यंत तो दर एकदाही मोडला नाही.

दुसरा धक्का २००९ चा, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यांत बोलका आहे. स्वीडिश बँकांच्या स्वस्त कर्जांवर फुगलेला घरांचा बाजार फुटला आणि एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून अधिक आकसली. २०१० च्या सुरुवातीला बेरोजगारी २० टक्क्यांना टेकली. बाहेरचे बरेच अर्थतज्ज्ञ सांगत होते की क्रोनचं अवमूल्यन करा. त्यांनी ते केलं नाही. सरकारी पगार कापले, खर्च कापला, मूल्यवर्धित कर १८ वरून २० टक्के केला आणि युरोत जाण्याच्या अटी पूर्ण केल्या. एवढं सोसल्यावर मार्च २०११ च्या निवडणुकीत मतदारांनी पंतप्रधान अँद्रुस आन्सिप यांच्या रिफॉर्म पक्षालाच पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणलं. देणं बुडवण्यापेक्षा पोटाला चिमटा काढणाऱ्या सरकारला जिथे मतं मिळतात, त्या देशावर उधारी देताना माझा हात कमी थरथरतो.

तिसरा धक्का २०२२ पासूनचा, म्हणजे ज्याच्या बातम्या तुम्ही वाचताय तो. याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत, कारण मंदी हा शब्द ऐकून देश पोखरला गेला आहे असं वाटतं आणि ते खरं नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर वायू आणि वीज दोन्ही कडाडली. १७ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी एका तासासाठी विजेचा घाऊक दर मेगावॉट-तासाला ४,००० युरोवर गेला होता. त्याच महिन्यात महागाई २५ टक्क्यांच्या आसपास, युरो क्षेत्रात सर्वाधिक. मग युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले. एस्टोनियातली जवळपास सगळी गृहकर्जं आणि उद्योगांची कर्जं सहा महिन्यांच्या युरिबोर दराला, म्हणजे युरोपातल्या बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देतात त्याला, जोडलेली असतात. तो दर उणेमधून २०२३ मध्ये ४ टक्क्यांवर गेला. फ्रान्समध्ये लोकांचे हप्ते वर्षानुवर्षं ठरलेले असतात, तिथे ही दरवाढ हळूहळू झिरपली. एस्टोनियात ती सहा महिन्यांत प्रत्येक घराच्या हप्त्यात उतरली. भरीला नॉर्डिक देशांतली बांधकामं थंडावली आणि रशियातून येणारं स्वस्त लाकूड, धातू आणि बंदरांमधला रशियन माल बंद झाला. २०२३ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे तीन टक्क्यांनी आकसली, २०२४ मध्ये जागीच राहिली, आणि २०२५ मध्ये जेमतेम वर आली.

या पडझडीत कोणतीही मोठी बँक अडचणीत आली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. बुडीत कर्जांचं प्रमाण कमीच राहिलं. जे खरेदीदार मी पाहतो त्यांचे पैसे उशिरा आले, फर्निचर आणि बांधकाम साहित्यातल्या काही कंपन्या बंद पडल्या, पण २००९ सारखी साखळी लागली नाही. व्याजदर जसे झटकन चढले तसेच २०२४ पासून उतरलेही, आणि चढताना ज्या वेगानं दुखलं त्याच वेगानं उतरताना आराम पडतो. म्हणून पुढच्या पाच वर्षांत मला तिथे फार मोठी भरभराट दिसत नसली, तरी सावकाश सावरणं दिसतं.

सावकाश का, याची दोन कारणं टिकाऊ आहेत. एक, तिथला पगार. महिन्याचा सरासरी पगार आता दोन हजार युरोच्या घरात गेला आहे. स्वस्त मजुरीवर फिनलंड-स्वीडनचं काम करून देण्याचे दिवस संपले. दोन, माणसं. २०२४ मध्ये सबंध देशात दहा हजारांहून कमी मुलं जन्मली. युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांनी थोडी भर घातली आहे, पण काम करणाऱ्या वयाची माणसं वाढणार नाहीत. उत्पादकता वाढवणं हा एकच रस्ता उरतो. तिथली शाळा पाहिली तर त्या रस्त्यावर जाण्याची त्यांची तयारी आहे असं वाटतं. पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एस्टोनियाची मुलं युरोपात सतत वरच्या स्थानी असतात. स्काइपचं मूळ सॉफ्टवेअर २००३ मध्ये टॅलिनमध्ये लिहिलं गेलं, आणि त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी व त्यांच्या पैशाने पुढची पिढी उभी केली. परदेशी पैसे पाठवणारी वाइज आणि टॅक्सी सेवा देणारी बोल्ट ही नावं तुम्हाला माहीतच असतील.

आता करांकडे येऊ. तुमच्या निर्णयाचं वजन इथे आहे.

संरक्षणावर २०२४ मध्ये एस्टोनियाने सकल उत्पादनाच्या सव्वातीन टक्क्यांहून जास्त खर्च केला. २०२६ ते २०२९ या काळात हा खर्च सरासरी ५.४ टक्क्यांवर न्यायचं सरकारने ठरवलं आहे. हिमार्स क्षेपणास्त्र यंत्रणा आल्या आहेत, दारूगोळ्याचे साठे वाढवले जात आहेत, सीमेवर बंकर बांधले जात आहेत. हा पैसा तीन ठिकाणांहून येतो: कर, कर्ज आणि इतर खात्यांत काटकसर. तिन्ही चालू आहेत. मूल्यवर्धित कर जानेवारी २०२४ मध्ये २० वरून २२ टक्के झाला आणि जुलै २०२५ मध्ये २४ टक्के. आयकर आणि कंपनीकर २०२५ पासून २० वरून २२ टक्के. नियमित लाभांशावरचा १४ टक्क्यांचा सवलतीचा दर रद्द. शिवाय मोटारींवर प्रथमच वार्षिक कर आला, ज्यावरून लोक सगळ्यात जास्त चिडले.

नुसते दर बघून घाबरू नका. २००० सालापासून एस्टोनियाचा नियम असा आहे की कंपनीने नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर शून्य. लाभांश वाटला तरच कर. १०० युरो नफा पूर्ण वाटायचा तर २२ कराला जातात, ७८ हातात येतात. २०२४ च्या अखेरीस संसदेने एक 'सुरक्षा कर' मंजूर केला होता. त्यात कंपन्यांच्या नफ्यावर, वाटलेला असो वा नसो, २ टक्के लागणार होते. तो लागू झाला असता तर पंचवीस वर्षांची पद्धत मोडली असती, दर कितीही लहान असला तरी. पण नव्या आघाडीने २०२५ मध्ये तो अंमलात येण्याआधीच मागे घेतला. त्यानंतर आयकर २४ टक्के करायचा बेतही सोडून दिला. मी या साऱ्याचं वाचन असं करतो: दर अजून वर जाऊ शकतात, पण ठेवलेल्या नफ्यावर कर नाही हा खांब हलवायला गेल्यावर त्यांना स्वतःलाच धास्ती वाटली. तुम्ही नफा कंपनीत ठेवून वाढ करणार असाल तर हा खांब तुमच्या दृष्टीने दरांपेक्षा मोलाचा आहे. दरवर्षी सगळा नफा भारतात आणणार असाल तर त्याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, आणि मग २२ टक्के हे निव्वळ ओझं आहे.

कर्जाचंही पाहू. सार्वजनिक कर्ज सकल उत्पादनाच्या चोवीस टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपीय संघाची सरासरी ऐंशीच्या वर. तूट मात्र वाढतेय, २०२६ च्या अंदाजपत्रकात ती साडेचार टक्क्यांच्या आसपास धरली आहे. मे २०२४ मध्ये एस अँड पी या मानांकन संस्थेने देशाचं मानांकन एक पायरी खाली, डबल ए वजावरून (AA-) ए अधिकवर (A+) आणलं. घसरण आहे, पण कर्जाचा पाया इतका खाली आहे की अशी पाच वर्षं काढूनही ते बऱ्याच युरोपीय देशांपेक्षा कमीच राहील. मला चिंता कर्जाच्या आकड्याची नाही. काटकसरीचा तो जुना राजकीय करार सैल होतोय का, हे मी पाहतोय.

त्यातूनच राजकारणाचा मुद्दा येतो. संसदेत, म्हणजे रीगिकोगूत, १०१ जागा आहेत आणि तिथे आघाड्याच राज्य करतात. काया कालास जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानपद सोडून युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरण प्रमुखपदासाठी गेल्या. त्यांच्या जागी क्रिस्टेन मिखाल आले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सोशल डेमोक्रॅट्सना सरकारमधून काढलं. रिफॉर्म आणि एस्टोनिया २०० हे दोनच पक्ष उरले. ऑक्टोबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत दोघांचाही धुव्वा उडाला, आणि राष्ट्रवादी-पुराणमतवादी वळणाचा इसामा पक्ष पुढे आला. पुढची संसदीय निवडणूक मार्च २०२७ मध्ये आहे, आणि तेव्हा सरकार बदलेल असं धरून चालावं.

पण बदललं तर तुमचं काय बदलेल? नाटो, युरो, युक्रेनला मदत आणि संरक्षण खर्च यांवर मुख्य पक्षांत मतभेद फार थोडे आहेत. भांडण आहे ते कर कुणावर बसवायचा, रशियन भाषिकांशी कसं वागायचं, वीज कशी तयार करायची आणि बाहेरून किती माणसं येऊ द्यायची यावर. इसामा करवाढीवर टीका करूनच वर आला आहे, त्यामुळे तो आल्यावर कंपनीकर वाढण्याची भीती उलट कमी. सावध राहायचं ते स्थलांतराबाबत. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांसाठी वार्षिक कोटा आधीपासूनच आहे, लोकसंख्येच्या ०.१ टक्का, म्हणजे सुमारे तेराशे परवाने. माहिती-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्या आणि स्टार्टअप त्यातून वगळलेल्या आहेत. ही सूट उजव्या पक्षांना खुपते. तुम्ही स्वतः किंवा तुमची माणसं टॅलिनला राहायला जाणार असाल तर हा धोका खराखुरा आहे. पुण्यातून कंपनी चालवणार असाल तर नाही. ई-रेसिडेन्सी म्हणजे व्हिसा नव्हे, राहण्याचा परवाना नव्हे, तिथली करनिवासी ओळखही नव्हे; ते सरकारी सेवा वापरण्यासाठीचं डिजिटल ओळखपत्र आहे, एवढंच.

आता रशिया. हा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, कारण आधी आला असता तर बाकी काही वाचलं गेलं नसतं.

नार्वा शहरात नदीच्या एका काठावर हर्मन किल्ला आहे, समोरच्या काठावर रशियाचा इवानगोरोद किल्ला, मध्ये एक पूल. २०२४ पासून त्या पुलावरून वाहनं जात नाहीत, फक्त पायी माणसं. शहराची लोकसंख्या पन्नास हजारांवर आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलणारे. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यापासून दरवर्षी कुणीतरी लिहितं की पुढचा नंबर नार्वाचा. लिहिणाऱ्यांनी तिथल्या लोकांशी बोललेलं क्वचितच दिसतं. तिथला पेन्शनर रशियन वाहिन्या पाहत असेल, पण त्याची पेन्शन युरोत येते आणि ती समोरच्या काठावरच्या पेन्शनपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे त्याला नदीपलीकडच्या नातेवाइकांकडून कळतंच. २००७ मध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवला तेव्हा दंगल झाली, पाठोपाठ देशाच्या बँका आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये नार्वाजवळचा सोव्हिएत रणगाडा स्मारक म्हणून उभा होता तो हटवला, तेव्हा दंगल झाली नाही, आणि पाठोपाठ आलेला सायबर हल्ला लोकांना फारसा जाणवलाही नाही. मधल्या पंधरा वर्षांत बरंच बदललं आहे.

तरीही समाजातली ही फट नाकारता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकांतला मताधिकार काढून घेतला. शाळा टप्प्याटप्प्याने फक्त एस्टोनियन माध्यमाच्या होत आहेत. सुरक्षेच्या नजरेतून हे समजतं. पण देशातच जन्मलेल्या आणि कर भरणाऱ्या माणसांना दूर लोटल्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते, असं मला मनापासून वाटतं. नार्वाच्या भागात तेलयुक्त खडक जाळून वीज करणारी केंद्रं हाच मुख्य रोजगार होता आणि तो आटत चालला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे दुर्मीळ धातूंच्या चुंबकांचा मोठा कारखाना सुरू झाला. असे आणखी पाच-सहा कारखाने तिथे उभे राहिले तर ती बंकरांइतकीच चांगली संरक्षण व्यवस्था ठरेल.

थेट लष्करी हल्ल्याची शक्यता मी आकड्यात सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. एस्टोनियातल्या तापा इथे २०१७ पासून ब्रिटनच्या नेतृत्वाखाली नाटोची तुकडी आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला रशियाची तीन मिग-३१ विमानं सुमारे बारा मिनिटं एस्टोनियाच्या हवाई हद्दीत होती. डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंडहून येणारी एस्टलिंक-२ वीजवाहिनी समुद्राखाली तुटली. असा त्रास पुढेही होत राहणार. पण त्याला उत्तर म्हणून त्यांनी काय केलं बघा: फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या वीजजाळ्यापासून स्वतःला तोडून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी युरोपच्या जाळ्याशी जोडून घेतलं, वाहिनी अजून दुरुस्त व्हायची असताना. कंपनी नोंदणी, जमिनीच्या नोंदी, लोकसंख्या नोंदणी यांच्या प्रती त्यांनी लक्झेंबर्गमध्ये ठेवल्या आहेत. २०१७ च्या करारानुसार त्या जागेला दूतावासासारखं संरक्षण आहे. सर्वांत वाईट दिवसाचा विचार या सरकारने आधीच केला आहे, आणि तुमच्या कंपनीची नोंद त्या विचारात धरलेली आहे.

तुम्ही टॅलिनमध्ये घर किंवा गोदाम घेणार असता तर मी वेगळं बोललो असतो. स्थावर मालमत्ता उचलून नेता येत नाही. तुमची मालमत्ता म्हणजे करार, कोड आणि बँकेतली शिल्लक. पहिल्या दोन पुण्यात आहेत. तिसरीबद्दल माझा सल्ला असा की गरजेपेक्षा जास्त रक्कम एकाच बँकेत साठू देऊ नका. ठेवींना संरक्षण एक लाख युरोपर्यंत आहे.

बँक हा खरं तर तुमचा पहिला अडथळा असेल, रशिया नव्हे. डान्स्के बँकेच्या एस्टोनिया शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोचे व्यवहार झाले, त्यातले बरेच संशयास्पद. २०२२ मध्ये त्या बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. तेव्हापासून तिथल्या बँका परदेशी मालकाला खातं देताना फार बारकाईने पाहतात: देशाशी तुमचा संबंध काय, ग्राहक कोण, पैसा कुठून येणार. बरेच ई-रेसिडेंट शेवटी वाइजसारख्या परवानाधारक पेमेंट संस्थांकडे जातात. तुमच्यासाठी तेवढं पुरेल, पण तुमच्या ग्राहकाला तसं खातं चालतं का, हे विचारून घ्या.

भारताच्या बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण इथे तुमच्या सीएचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. कंपनीचे निर्णय पुण्यात बसून घेतले जात असतील तर ती भारतातच करनिवासी आहे असं आयकर खातं म्हणू शकतं. ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकाने यातून वगळलं आहे. पण काम पुण्यात होतं म्हणून तिथल्या नफ्याचा भाग भारतात करपात्र ठरण्याचा प्रश्न वेगळा उरतोच. पुण्याच्या कंपनीने एस्टोनियाच्या स्वतःच्याच कंपनीला बिल लावलं की ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे आपल्याच दोन कंपन्यांमधला दर बाजारभावाचा असावा याचे नियम येतात. परदेशी कंपनीत भांडवल घालताना रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. लाभांश भारतात आला की तुमच्या स्लॅबने कर. तिथला २२ टक्के कर कंपनीने भरलेला मानला जातो, तुम्ही नव्हे. त्यामुळे त्याची वजावट इथे मिळेल असं गृहीत धरून हिशेब करू नका. संचालक म्हणून मानधन घेतलंत तर त्यावर एस्टोनियातही कर लागतो.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? देशाच्या भीतीने मी मागे फिरलो नसतो. पुढच्या पाच वर्षांत दर आणखी एक-दोन टक्के वाढतील, सरकार बदलेल, विमानं आणि वाहिन्यांच्या बातम्या येत राहतील, आणि कंपनी नोंदणी खातं सकाळी उघडेल. माझी नजर दोन गोष्टींवर राहिली असती: ठेवलेल्या नफ्यावर कर लावायची कल्पना २०२७ नंतर परत येते का, आणि अमेरिका नाटोतली आपली बांधिलकी कमी करते का. पहिली आली तर पुढची कंपनी एस्टोनियात काढायचं कारण संपतं. दुसरीने तिथल्या कर्जाचं व्याज, विम्याचे हप्ते आणि संरक्षण खर्च सगळंच वाढेल, म्हणजे फिरून करच.

पण त्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. जे जर्मन ग्राहक युरोपीय कंपनी हवी म्हणतात त्यांना लेखी विचारा की नेमकं कारण काय. कारण फक्त मूल्यवर्धित कराचं असेल तर भारतातून थेट युरोत बिल लावलं तरी कंपनी-ते-कंपनी सेवेवर तो कर सहसा ग्राहकच स्वतःकडे हिशेबात धरतो, त्यासाठी तुम्हाला तिथे कंपनी लागत नाही. विदा (डेटा) संरक्षणाचे नियम, त्यांच्या खरेदी विभागाचं धोरण किंवा वादाचा निकाल युरोपीय न्यायालयात लागावा ही अट, यांपैकी काही असेल तर एस्टोनियाची कंपनी उपयोगाची आहे. किती ग्राहकांचं उत्तर काय येतं ते कळवा. त्यांच्याकडून येणारी वार्षिक रक्कम आणि कंपनी चालवण्याचा दोन्हीकडचा खर्च शेजारी-शेजारी मांडून बघू.